ड्रिंकर कोरल लायब्ररी: एका वकिलाने हौशी गायकांसाठी करून ठेवलेली सोय

जर्मन संगीतकार बाखचा एखादा कान्टाटा (समूहगायन, एकल गाणी आणि वाद्ये यांची मोठी रचना) हौशी गायकांकडून गाऊन घ्यायचा म्हटले की तीन अडचणी हमखास उभ्या राहतात. प्रत्येकाच्या हातात द्यायला स्कोअर (छापील स्वरलिपी) नसतात, शब्द जर्मन असतात आणि कार्यक्रमाची तारीख डोक्यावर असते. ज्यांचे स्वरलिपीचे वाचन कच्चे आहे ती माणसे मग हळूहळू मागच्या रांगेत सरकतात आणि पुढच्या हंगामात यायचीच बंद होतात. फिलाडेल्फियाचे वकील हेन्री सँडविथ ड्रिंकर (१८८०-१९६५) यांनी या तिन्ही अडचणी स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या वेळात सोडवायला घेतल्या. त्यातून तीन गोष्टी उरल्या: फिलाडेल्फियाच्या फ्री लायब्ररीत असलेला ड्रिंकर कोरल संग्रह, जर्मन गायनसाहित्याची गाण्याजोगी इंग्रजी भाषांतरे आणि घरी गायनसभा भरवण्याची एक पद्धत. हे परीक्षण या तिन्हींचे आहे.

मत आधीच सांगून टाकतो. पद्धत आजही अव्वल आहे आणि ती कुठेही उचलता येते. भाषांतरे कामाची आहेत, पण जागा पारखून घ्यावी लागतात. संग्रह अमेरिकेतल्या कोरसना, म्हणजे गायनवृंदांना, उपयोगी. मुंबई-पुण्याहून किंवा गोव्यातून कागदी संच मागवण्यात अर्थ नाही, त्याला आता सोपे पर्याय आहेत.

ड्रिंकर हे काही फावल्या वेळात वकिली करणारे संगीतवेडे नव्हते. १९०४ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या ज्या फर्ममध्ये दाखल झाले, ती पुढे त्यांच्याच आडनावाने ओळखली जाऊ लागली. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या व्यावसायिक नीतिमत्तेच्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि १९५३ साली निघालेला त्यांचा ‘लीगल एथिक्स’ हा ग्रंथ त्या विषयातला आधारग्रंथ मानला गेला. संगीतावरचे त्यांचे पुस्तक त्याआधीचे, जर्मन संगीतकार ब्राम्सच्या चेंबर म्युझिकवरचे (मोजक्या वादकांसाठीच्या रचनांवरचे), १९३२ सालचे. बहीण कॅथरीन ड्रिंकर बोवेन नामवंत चरित्रकार. भाऊ फिलिप आयर्न लंग या श्वासोच्छ्वास चालवणाऱ्या यंत्राच्या जनकांपैकी एक. पत्नी सोफी यांचे नाव मात्र अशा ओळीत उरकून चालणार नाही. बायकांच्या कोरससाठी चांगले साहित्य शोधताना हाती फार थोडे लागते, असे त्यांच्या लक्षात आले. असे का, याचा शोध घेता घेता त्यांनी ‘म्युझिक अँड विमेन’ (१९४८) हा ग्रंथ लिहिला. घरच्या गायनसभा ही दोघांची मिळून उभी केलेली गोष्ट होती. ड्रिंकर यांच्याबद्दल लिहिणारे बरेच जण सोफीबाईंना चहापाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या यजमानीण करून टाकतात, ते चुकीचे आहे.

सभा भरायच्या त्या फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन या उपनगरातल्या त्यांच्या घरात. घरात मुद्दाम मोठी संगीताची खोली होती. रविवारी संध्याकाळी शंभराच्या घरात माणसे जमत आणि आवाजाप्रमाणे बसत: सोप्रानो आणि आल्टो (बायकांचे उंच आणि खालचे आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचे उंच आणि खालचे). मध्ये जेवण होई आणि पुन्हा गाणे. १९३० च्या सुमारास सुरू झालेला हा उपक्रम १९६० पर्यंत चालला. नियम एकच आणि तो कडक: श्रोता म्हणून कोणी यायचे नाही. जो आत येईल तो गाईल. समोर श्रोते नाहीत, म्हणजे तारीख नाही आणि तालमीचे दडपणही नाही. रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत गायची. चुकले तर पुढच्या जागी पकडायचे.

ही पद्धत ऐकायला सैल वाटते, पण ती चालते ती पूर्वतयारीवर, आणि वकिलाची शिस्त इथेच दिसते. समोर श्रोते नसले तरी पाच गोष्टी आधी जागेवर हव्यात. प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र स्कोअर हवा. दोघांत एक दिला की मागे बसलेला ऐकून गायला लागतो आणि वाचायचे सोडून देतो. सगळ्यांच्या प्रती एकाच आवृत्तीच्या हव्यात. पियानोवर वाचनात पक्का माणूस हवा, कारण हरवलेल्या आवाजाला तोच सूर देतो. प्रत्येक आवाजात निदान दोन वाचणारे हवेत, आणि त्यांना पुढे न बसवता मधोमध बसवायचे, म्हणजे त्यांचा आवाज दोन्हीकडच्यांच्या कानावर पडतो. आणि चालवणाऱ्याने थांबायचे कधी हे आधीच ठरवलेले असावे. दर चुकीला थांबले की तासाभरात लोक कंटाळतात. मुळीच थांबले नाही की टेनरवाले गप्प बसून राहतात. आमच्या मते एक रचना एकदा सलग, मग अडलेल्या दोन-तीन जागा सुट्या आणि पुन्हा एकदा सलग, इतके पुरे.

टेनरची टंचाई सगळीकडेच असते. त्यावर आल्टोतल्या खालच्या आवाजाच्या बायका टेनरमध्ये बसवणे हा उपाय चालतो, पण टेनरचा भाग आजच्या स्कोअरमध्ये लिहिला जातो त्यापेक्षा एक सप्तक खाली गायचा असतो, हे त्यांना आधी सांगावे लागते. नाही सांगितले तर त्या वरच्या सप्तकात गातात आणि सोप्रानोच्या डोक्यावरून सूर जातात.

आता संग्रहाकडे. घरच्या सभांसाठी लागणारे संच साठत गेले आणि ते इतर कोरसनाही देता यावेत, अशी सोय ड्रिंकर यांनी केली. भाषांतरे असोसिएशन ऑफ अमेरिकन कोरसेस या संस्थेमार्फत छापली गेली आणि कोरसना संच उसने मिळू लागले. पुढे हा संग्रह फिलाडेल्फियाच्या फ्री लायब्ररीकडे आला. त्याच ग्रंथालयात वाद्यवृंदाच्या साहित्याचा एडविन फ्लायशर संग्रहही आहे. एकाच इमारतीत कोरसचे संच आणि वाद्यांचे पार्ट (प्रत्येक वाद्याची स्वतंत्र स्वरलिपी) असणे ही कान्टाटा बसवणाऱ्यांसाठी मोठीच गोष्ट आहे.

या सोयीचे मोल कळायचे तर गावातल्या चाळीस जणांच्या कोरसचा हिशेब मांडून पाहावा. एका रचनेचे चाळीस व्होकल स्कोअर (गायकांचे भाग आणि पियानोची साथ असलेल्या प्रती) विकत घ्यायचे, दोनदा गायचे आणि मग ते चर्चच्या किंवा शाळेच्या कपाटात वीस वर्षे पडून राहायचे. असे दहा कार्यक्रम झाले की कपाट भरते आणि पैसे संपतात. मग कोरस त्याच त्या चार रचना आलटून पालटून गात राहतो. उसन्या संचाने हे चक्र तुटते. महागडी, क्वचित गायली जाणारी रचना एका हंगामापुरती आणता येते आणि ती गायकांना न पेलल्यास परतही पाठवता येते. अमेरिकेत राहणाऱ्या आणि गावातल्या कोरसमध्ये गाणाऱ्या मराठी वाचकांनी आपल्या कोरसच्या ग्रंथपालाला हे जरूर सुचवावे. मात्र सभासदत्व, शुल्क आणि पाठवणीचे सध्याचे नियम ग्रंथालयाच्या संगीत विभागाकडूनच घ्यावेत, जुन्या कॅटलॉगवर विसंबू नये.

संच हाती आल्यावर काय करायचे, हे कुठल्याही उसन्या साहित्याला लागू आहे. आधी प्रती मोजा आणि प्रत्येकीवर असलेला क्रमांक गायकाच्या नावासमोर लिहून ठेवा. पाने मधूनच सुटली आहेत का ते पाहा. बारना (स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधल्या घरांना) क्रमांक नसतील तर पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून पेन्सिलीने घालून घ्या, दर ओळीच्या सुरुवातीला एक. ‘पान बारा, दुसरी ओळ’ असे सांगत बसले की तालमीतला बराच वेळ त्यातच जातो, आणि पियानोवाल्याच्या प्रतीची पाने वेगळी असली तर गोंधळ वाढतो. खुणा मऊ टूबी पेन्सिलीने, हलक्या हाताने करायच्या. परत देण्याआधी खोडून द्यायच्या. उसन्या संचाची झेरॉक्स काढून ठेवायची नाही.

सगळ्यात जास्त लिहिण्याजोगा भाग भाषांतरांचा आहे. ड्रिंकर यांनी बाखच्या गायनरचनांचे शब्द इंग्रजीत आणले, ब्राम्सचे आणले, शुबर्ट, शूमान, वोल्फ यांच्या गीतांवरही काम केले. सुट्टीच्या दिवसांत कोणी एवढा पसारा उरकत नाही. त्यांनी आपली कसोटी १९५० साली एका लेखात मांडली होती आणि ती वाचताना नियमावली लिहिणारा वकील लगेच ओळखू येतो. मूळ स्वर, लय आणि वाक्यांची ठेवण यांना हात लावायचा नाही. शब्द त्या विशिष्ट सुरावटीवर सहज गाता आले पाहिजेत आणि तिला शोभले पाहिजेत. इंग्रजी अस्सल वाटली पाहिजे, भाषांतराचा वास येता कामा नये. जिथे संगीतच यमक मागते तिथे यमक हवे. आणि मूळचा भाव, बहुतांशी अर्थही, पोचला पाहिजे. शब्दशः अर्थ यादीत शेवटी आहे, हे लक्षात घ्यावे. गाणाऱ्यासाठी हा क्रम बरोबर आहे.

पहिला नियम सर्वांत अवघड. जर्मन ओळी पुष्कळदा हलक्या अक्षरावर संपतात. बाखच्या ‘येझू, माइने फ्रॉयडे’ (बीडब्ल्यूव्ही २२७; बीडब्ल्यूव्ही म्हणजे बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) या मोटेटची, म्हणजे धार्मिक समूहगीताची, पहिली ओळ सहा अक्षरांची, दुसरी ‘माइनेस हेर्त्सेन्स वाइडे’ हीसुद्धा सहा, आणि तिसरी पाच. पहिल्या दोन ओळींत ‘फ्रॉयडे’ आणि ‘वाइडे’ यांचे शेवटचे ‘डे’ अगदी हलके पडते आणि सुरावटही तिथे अलगद उतरते. इंग्रजीत असे दोन अक्षरी, शेवट हलका असणारे, शिवाय एकमेकांशी यमक जुळणारे शब्द फार कमी. भाषांतरकार मग ‘इंग’ने संपणाऱ्या क्रियापदांकडे वळतो आणि चार कडव्यांत तेच ते शेवट ऐकू येऊ लागतात. दुसरी वाट म्हणजे एक स्वर गाळून ओळ जड अक्षरावर संपवायची, ती ड्रिंकर यांच्या नियमाने बंद. म्हणून अशा रचनांचे इंग्रजी शब्द हाती आले की आधी ओळींचे शेवट वाचून काढावेत. तिथे शब्द ओढूनताणून आणलेले दिसले तर ते कडवे जर्मनमध्ये गाणे बरे.

दुसरी कसोटी आणखी नेमकी आहे. ‘क्रिस्ट लाग इन टोडेस बांडेन’ (बीडब्ल्यूव्ही ४) या कान्टाटातले तिसरे कडवे उघडावे. टेनर एकटा गातो, सोबत व्हायोलिनची धावती सुरावट. ओळ आहे ‘दा ब्लाइबेट निश्ट्स डेन टोट्स गेश्टाल्ट’: मृत्यूचे नुसते रूप उरले, बाकी काही नाही. ‘निश्ट्स’ म्हणजे ‘काही नाही’ या शब्दावर बाख सगळी वाद्ये अचानक थांबवतो. क्षणभर खरोखरच काही उरत नाही. मग लय मंदावते आणि पुढचे शब्द येतात. भाषांतरात नकाराचा शब्द त्याच स्वरावर पडला तर जागा साधली. तो एक बार पुढे-मागे सरकला तर व्हायोलिने उगाच थांबल्यासारखी वाटतात आणि श्रोत्याला कारण कळत नाही. याच कान्टाटाच्या दुसऱ्या कडव्यात सोप्रानो आणि आल्टो ‘डेन टोट’ हे शब्द खाली उतरणाऱ्या अर्ध्या स्वरावर पुन्हा पुन्हा म्हणतात. तिथेही मृत्यूचा शब्द त्याच जागी हवा. कोणाचेही भाषांतर घ्या, ड्रिंकर यांचे किंवा दुसऱ्याचे, आधी या दोन जागा तपासा. भाषांतरकाराने संगीत समोर ठेवून लिहिले की केवळ कविता समोर ठेवून, ते पाच मिनिटांत कळते.

तिसरी गोष्ट लांब तानांची. एका अक्षरावर पंधरा-वीस स्वर असतील तर तिथे ‘आ’ किंवा ‘ओ’ असलेला शब्द हवा. वरच्या सुरावर अरुंद ‘ई’ आला की हौशी सोप्रानोंचा गळा आवळतो आणि सूर चढतो किंवा उतरतो. ओळीच्या शेवटी ‘स’ आला तर चाळीस जणांचा फुत्कार ऐकू येतो. त्यावर उपाय म्हणजे तो ‘स’ फक्त चार जणांनी म्हणायचा, बाकीच्यांनी स्वरावरच थांबायचे.

काय खटकते? भाषा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहे आणि आजच्या तरुण गायकाला ती जुनी वाटते. त्याहून मोठा बदल म्हणजे काळच फिरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाख मूळ भाषेत आणि जुन्या वाद्यांवर गाण्याकडे ओढा वाढला. हार्नोनकूर्ट आणि लिओनहार्ट या संगीत-निर्देशकांनी १९७१ ते १९८९ या काळात कान्टाटांचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हापासून व्यावसायिक मंचावर इंग्रजी बाख मागे पडला. शिवाय १९५४ ते २००७ मध्ये निघालेल्या नव्या बाख आवृत्तीत काही ठिकाणी मूळ शब्द आणि स्वर वेगळे आहेत. जुन्या आवृत्तीसाठी केलेले शब्द तिथे नेमके बसतीलच असे नाही. व्यावसायिक मैफिलीसाठी ड्रिंकर यांच्याकडे वळायचे कारण उरलेले नाही. पण जिथे गायकांनाच अर्थ कळत कळत गायचे आहे, तिथे भाषांतराचे काम संपलेले नाही. जर्मन न येणारा गायक उच्चार पाठ करतो, आणि उच्चार पाठ करणाऱ्याला ‘निश्ट्स’ला का थांबायचे ते दर वेळी सांगावे लागते.

एक गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. त्या सभांत निमंत्रितच येत, म्हणजे तो समाज निवडलेला होता. आणि वकिलीच्या व्यवसायात येणाऱ्या पूर्व युरोपीय ज्यू स्थलांतरितांच्या मुलांबद्दल ड्रिंकर तुच्छतेने बोलल्याची नोंद अमेरिकन वकिलीच्या इतिहासात आहे. नीतिमत्तेवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे बोचते. त्याच घराने १९३८ नंतर ऑस्ट्रियातून परागंदा झालेल्या ट्रॅप या गायक कुटुंबाला मेरियनमध्ये समोरचे घर राहायला दिले आणि बदल्यात गाणे मागितले, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. पद्धत उचलताना निमंत्रणाची यादी मात्र उचलू नये.

भारतातल्या वाचकांसाठी कामाची गोष्ट कायद्याची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे हक्क राहतात. ड्रिंकर १९६५ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या शब्दांवरचा हक्क भारतात ३१ डिसेंबर २०२५ ला संपतो. १ जानेवारी २०२६ पासून मुंबई, पुणे, नागपूर, पणजी इथल्या कोरसला ते टाइप करून वाटता येतात. युरोपीय संघात मुदत ७० वर्षांची, म्हणजे २०३५ अखेरपर्यंत; तिकडे दौऱ्यावर जाताना हे लक्षात ठेवावे. आणि शब्द मोकळे झाले म्हणून आजच्या प्रकाशकाचा नवा स्कोअर मोकळा होत नाही.

स्वरांसाठी कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी हे १९९८ पासून चालत आलेले मोफत संकेतस्थळ पुरते. कान्टाटाच्या पानावर पीडीएफसोबत बऱ्याचदा म्यूझस्कोर या स्वरलिपी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरची किंवा म्युझिक-एक्सएमएलची फाइल असते, तीच घ्यावी. म्यूझस्कोरमध्ये पहिल्या स्वरावर क्लिक करून कंट्रोल आणि एल दाबले की शब्द टाइप करता येतात. शब्द संपला की स्पेस, शब्दाच्या आतल्या अक्षरासाठी जोडरेघ, एका अक्षरावर अनेक स्वर असतील तर खालची रेघ, दुसऱ्या कडव्यासाठी एंटर. दोन गोष्टी इथे बिघडतात. जर्मन शब्द आधी काढले नाहीत तर जुने आणि नवे शब्द एकमेकांत मिसळतात. आणि जोडरेघ विसरली तर दोन अक्षरांचा एक शब्द दोन शब्दांसारखा छापला जातो आणि गायक मध्येच श्वास घेतात.

आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या मोफत संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातली बाख-गेझेलशाफ्टची आवृत्ती स्कॅन केलेली मिळते. ती सुबक आहे, पण सोप्रानो, आल्टो आणि टेनरचे भाग जुन्या सी-क्लेफमध्ये आहेत (क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कोणता स्वर ते ठरवणारी, ओळीच्या सुरुवातीची खूण). गोव्यातल्या चर्चच्या परंपरेत सोल्फेज (डो-रे-मी) शिकलेले गायकही आज सहसा जी आणि एफ क्लेफ वाचतात. त्यांच्या हातात हे कागद दिले तर पहिलाच स्वर चुकतो. ती प्रत निर्देशकाने जवळ ठेवावी, गायकांना आधुनिक क्लेफमधली द्यावी.

मराठीत शब्द बसवायचे असतील तर ड्रिंकर यांची कसोटी तशीच लावता येते, फक्त एक बदल करून. मराठीत इंग्रजीसारखा ठसठशीत आघात नाही. इथे ऱ्हस्व-दीर्घ पाहावे लागते. लांब स्वरावर ‘कि’ किंवा ‘तु’ आला की शब्द ‘की’ आणि ‘तू’ होऊन बसतो. ‘उपासना संगीत’मधली पाश्चात्त्य चालींवरची गीते गाणाऱ्या मराठी मंडळींना ही अडचण सांगायला नको. ओळीचा हलका शेवट साधणे मात्र इंग्रजीपेक्षा इथे सोपे, कारण दोन अक्षरी आणि यमक जुळणारे शब्द मराठीत हवे तितके आहेत.

पहिल्या सभेसाठी काय निवडावे? बीडब्ल्यूव्ही ४. सगळी कडवी एकाच सुरावटीवर आणि एकाच पट्टीत बांधलेली असल्याने दुसऱ्या कडव्यापासून कान सरावतो. द्वंद्वगीते आणि एकल कडवी पूर्ण विभागाने गायली तरी चालतात. पहिल्या कडव्यात मूळ चाल सोप्रानोकडे, चौथ्यात आल्टोकडे आहे. वाचन कच्चे असणाऱ्यांना त्या-त्या कडव्यात त्या विभागात बसवावे. पहिल्या कडव्याच्या शेवटी ‘हालेलुया’ला लय एकदम दुप्पट होते आणि हौशी कोरस हमखास तिथेच विस्कटतो. त्यामुळे ते शेवटचे पान आधी, निम्म्या लयीत, नुसत्या ‘ला’वर दोनदा गाऊन घ्यावे आणि मगच पहिल्या पानावर यावे. वाद्ये नसतील तर ब्राम्सचे ‘लीबेसलीडर वाल्त्सर’ (ओपस ५२) घ्यावे: अठरा छोटी गाणी, चार आवाज, एकाच पियानोवर दोन वादक. त्यातली काही गाणी फक्त बायकांची किंवा फक्त पुरुषांची आहेत, तेवढ्या वेळात दुसऱ्या बाजूला पाणी पिता येते. ‘वाखेट आउफ’ (बीडब्ल्यूव्ही १४०) सगळ्यांच्या ओळखीचा असला तरी पहिल्या सभेला टाळावा. सोप्रानोला लांब लांब स्वर मिळतात आणि त्यांना तो सोपा वाटतो, पण खालच्या तिन्ही आवाजांची तारांबळ उडते. त्यातला शेवटचा कोराल (चर्चमधल्या स्तोत्राची चार आवाजांतली मांडणी) तेवढा जरूर गावा.